औषधावरचे अक्षर कोणासाठी?

गोळ्यांच्या पाकिटावर अलीकडे एक छोटा काळा-पांढरा चौकोन छापलेला दिसतो. चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण ज्याच्यासमोर मोबाईल धरतो, तसाच हा क्यूआर कोड. आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठांनी तो पाहिला असेल आणि ‘हे काही आपल्या कामाचे नाही’ म्हणून सोडूनही दिला असेल. आमचे म्हणणे असे की, तो आपल्या कामाचा आहे आणि तो खऱ्या अर्थाने उपयोगी व्हावा यासाठी आपण समाज म्हणून वेळीच बोलले पाहिजे. औषधाची माहिती कागदावरून मोबाईलमध्ये नेण्याची वाटचाल जगभर सुरू झाली आहे. आपल्याकडे ती कोणत्या भाषेत आणि कोणाच्या सोयीने होणार, हे अजून ठरायचे आहे. निर्णय होऊन गेल्यावर आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो, हे सरहद्दीवरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचना काढून १९४५ च्या औषध नियमांत दुरुस्ती केली. नियमांना ‘एच-२’ ही नवी अनुसूची जोडली आणि देशात मोठा खप असलेल्या ३०० ब्रँडची नावे तीत घातली. डोलो, कालपोल, सॅरिडॉन, ऑगमेंटिन, अ‍ॅलेग्रा, थायरोनॉर्म अशी आपल्या घराघरांतील नावे त्या यादीत आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या मालावर हा कोड सक्तीचा झाला. तो औषधाच्या मुख्य वेष्टनावर असावा, तिथे जागा पुरत नसेल तर बाहेरच्या खोक्यावर असावा, असे नियम सांगतो. कोडमध्ये आठ गोष्टी असाव्या लागतात : उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचे मूळ नाव, ब्रँडचे नाव, कंपनीचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक.

ही यादी पुन्हा एकदा वाचावी अशी विनंती आहे. गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवणानंतर, एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या की नाही, कोणत्या दुसऱ्या गोळीबरोबर ती चालत नाही, अंगावर पुरळ उठले तर काय करायचे, यांपैकी एकही गोष्ट त्या आठांत नाही. कोड औषधाची जन्मपत्रिका सांगतो, औषध कसे घ्यावे ते सांगत नाही. अर्थात सरकारचा हेतूही मुळात तोच होता. बाजारातील बनावट औषधांना आळा बसावा, ग्राहकाला माल खरा की खोटा ते तपासता यावे, म्हणून ही योजना आली. हेतू चांगला आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

बनावट औषधांचा धोका आपल्यापासून दूर नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या तेलंगणाच्या औषध नियंत्रण प्रशासनाने ‘मेग लाइफसायन्सेस’ या नावाने विकली जाणारी औषधे पकडली. लेबलवर हिमाचल प्रदेशातील पत्ता होता, छपाई व्यवस्थित होती आणि गोळ्यांत औषधाऐवजी खडूची भुकटी व स्टार्च होता. चौकशीअंती त्या पत्त्यावर अशी कंपनीच नसल्याचे निष्पन्न झाले. नागपूरकडेही सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधच नसल्याचे प्रकरण उघडकीस येऊन त्यात २०२४ मध्ये पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले. तापाने फणफणलेल्या मुलाला आपण अँटिबायोटिक म्हणून खडू चारत असू, तर यापेक्षा मोठी फसवणूक ती कोणती?

येथे बँकेच्या काउंटरवर आयुष्याची वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या नात्याने एक गोष्ट सांगावीशी वाटते. क्यूआर कोड म्हणजे काही सरकारी शिक्का नव्हे. दुकानदाराच्या कोडवर भामट्याने स्वतःचा कोड चिकटवून पैसे लाटल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी झाल्या आहेत. जो लेबल हुबेहूब छापू शकतो, तो चौकोनही छापू शकतो. कोड वाचल्यावर मोबाईलवर जे येते ते अधिकृत नोंदीशी ताडून पाहण्याची सोय असेल तरच त्याला किंमत. नाहीतर खोट्या नोटेवर खरा नंबर छापण्यातलाच तो प्रकार. म्हणून चौकोन दिसला म्हणजे औषध खरे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मान्यताप्राप्त दुकानातून खरेदी करणे आणि पक्के बिल घेणे, ही जुनी खबरदारी आजही पहिल्या क्रमांकाची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औषधाची सविस्तर माहिती आजपर्यंत कागदावर होती, ती आपल्याला मिळत होती का? खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत सारे काही लिहिलेले असते. पण दहा स्ट्रिपच्या खोक्यात कागद एक, आणि आपण घेतो एक स्ट्रिप किंवा अर्धी. कागद दुकानातच राहतो. तो हाती पडलाच, तर अनेकदा त्याच्या माथ्यावर छापलेले असते की, ही माहिती केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्या उपयोगासाठी आहे. म्हणजे पैसे आपण मोजायचे, गोळी आपण गिळायची आणि माहिती मात्र आपल्यासाठी नाही. तेव्हा कागद जाणार म्हणून गळा काढण्याआधी एवढे लक्षात घेतले पाहिजे की, तो कागद आपला कधी नव्हताच.

कागदाविरुद्धचा युक्तिवादही समजून घेण्याजोगा आहे. एखाद्या औषधाचा नवा दुष्परिणाम लक्षात आला तर कंपनीला कागद नव्याने छापावा लागतो, आणि जुना कागद घातलेली खोकी दोन-तीन वर्षे दुकानांत पडून असतात. मोबाईलवरची माहिती एका दिवसात बदलता येते. अक्षर मोठे करता येते. भाषा बदलता येते. ज्याला दिसत नाही त्याला ती ऐकवता येते. शिवाय कागदाचा आणि छपाईचा खर्च वाचतो.

या युक्तिवादावर इतर देशांनी काय केले? जपानने कायदा बदलून १ ऑगस्ट २०२१ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या खोक्यातील कागद बंद करण्यास सुरुवात केली, त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली आणि खोक्यावरच्या कोडवरून डॉक्टर व औषधविक्रेत्यांनी माहिती पाहावी अशी व्यवस्था केली. मात्र चिठ्ठीशिवाय सामान्य ग्राहक जे औषध थेट घेतो, त्यातला कागद जपानने कायम ठेवला. बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या देशांनी २०१८ पासून कागदाशिवाय माहिती देण्याचा प्रयोग केला, तोही केवळ रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या औषधांपुरता, जिथे गोळी देणारी नर्स शिकलेली असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१४ मध्ये व्यावसायिकांसाठीची माहिती कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देण्याचा प्रस्ताव मांडला. तिथल्या काँग्रेसने खर्चाच्या विधेयकांत अट घालून तो वर्षानुवर्षे रोखून धरला. खेड्यापाड्यांत इंटरनेट नसते, वीज जाते, वृद्धांना यंत्र जमत नाही, अशी कारणे विरोधकांनी दिली. त्या विरोधामागे छपाई व्यवसायाचे हितसंबंधही होते हे खरे. पण कारणे खोटी नव्हती. अमेरिकेसारख्या देशाला जो प्रश्न पडतो, तो निर्मलच्या आसपासच्या तांड्यांना आणि गुड्यांना पडणार नाही काय?

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांनी कागद काढला, त्यांनी तो आधी डॉक्टर, नर्स आणि औषधविक्रेता यांच्या हातातून काढला. सामान्य माणसाच्या हातातले अक्षर काढून घेण्यापूर्वी ते दहादा विचार करत आहेत. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात स्ट्रिपवरच्या छपाईखेरीज दुसरे काही नाही. म्हणून ती छपाई हीच आपली शेवटची शिल्लक आहे, आणि ती मोडून चालणार नाही.

आता आपल्या घरात डोकावू. आपली कुटुंबे इथे निजामाच्या काळापासून आणि काही तर त्याही आधीपासून राहतात. १९५६ साली हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण इकडे आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगणा झाले, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पण घरातली मराठी टिकली. या साऱ्या घडामोडींचा एक परिणाम मात्र असा झाला की, एका घरात तीन पिढ्यांच्या तीन लिप्या झाल्या. नव्वदीच्या आजोबांचे शालेय शिक्षण उर्दूत झालेले. त्यांच्या मुलाला मराठी वाचता येते आणि तेलुगू कामापुरती. नातू इंग्रजी माध्यमात शिकतो, तेलुगू फर्डी बोलतो आणि मराठी अक्षरे जुळवत जुळवत वाचतो.

औषधाचा प्रवासही असाच तीन भाषांतून होतो. मोठे दुखणे निघाले की आपले लोक नांदेडला जातात. तिथला डॉक्टर मराठीत समजावून सांगतो : ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री जेवणानंतर. महिन्याभराच्या गोळ्या संपल्या की चिठ्ठी घेऊन आपण निर्मलच्या किंवा भैंशाच्या मेडिकलमध्ये जातो. तिथे बोलणे तेलुगूत. त्या कंपनीची गोळी नसेल तर दुकानदार दुसऱ्या कंपनीची देतो आणि ‘सेम आहे’ म्हणतो. स्ट्रिपवर सारे इंग्रजीत. घरी आल्यावर आजी विचारतात, ‘अरे, ही गोळी पांढरी होती, आता गुलाबी कशी?’ आणि उत्तर द्यायला नातू कॉलेजात गेलेला असतो.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. एक साधे उदाहरण घ्या. डोलो, कालपोल आणि सॅरिडॉन ही तिन्ही नावे त्या ३०० च्या यादीत आहेत. डोलो आणि कालपोल म्हणजे पॅरासिटामॉल. सॅरिडॉनमध्येही इतर द्रव्यांबरोबर पॅरासिटामॉल असते. ताप म्हणून एक, अंगदुखी म्हणून दुसरी, डोके दुखते म्हणून तिसरी अशा गोळ्या दिवसभर घेणारा माणूस तीन औषधे घेतोय असे समजतो. प्रत्यक्षात तो एकच औषध तीनदा घेत असतो. धडधाकट प्रौढालाही दिवसात ४००० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये असे वैद्यकशास्त्र सांगते, कारण त्याने यकृताला इजा होते. दारूची सवय असलेल्या किंवा कृश प्रकृतीच्या माणसाची मर्यादा त्याहून खाली. हे ज्ञान अक्षरांत दडलेले आहे, आणि अक्षर वाचता आले तरच ते उपयोगी.

याच कारणासाठी १३ सप्टेंबर २०१८ पासून एक चांगला नियम लागू झाला. एकाच घटकाच्या औषधावर त्याचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन आकारांनी मोठे छापले पाहिजे. त्यामुळे ‘पॅरासिटामॉल’ हे नाव ‘डोलो’ पेक्षा मोठे दिसते. आपल्या घरातील सर्वांना हे सांगून ठेवा : गोळी ओळखायची ती कंपनीने ठेवलेल्या नावावरून नव्हे, त्या मूळ नावावरून. तसेच ज्या स्ट्रिपवर लाल उभी रेषा आहे ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायची नाही. २०१६ साली सरकारने अँटिबायोटिकच्या बेफाम वापराविरुद्ध जी मोहीम काढली, ती याच लाल रेषेच्या नावाने. या रेषेला भाषा लागत नाही, चष्मा लागत नाही, रेंज लागत नाही. खरे लेबल असे असावे.

नोटेचे उदाहरण घेऊ, कारण ती रोज हाताखालून जाते. आपल्या नोटेच्या मागच्या बाजूला १५ भाषांत तिची किंमत लिहिलेली असते. त्यात मराठी आहे, तेलुगू आहे, उर्दू आहे. १०० रुपयांच्या आणि त्याहून मोठ्या नोटांच्या कडांवर उठावदार रेघा असतात, त्या बोटाने चाचपून दृष्टिहीन माणूस नोट ओळखू शकतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे अ‍ॅप आणले. मोबाईल नोटेसमोर धरला की तो किंमत बोलून दाखवतो. पण अ‍ॅप आले म्हणून रिझर्व्ह बँकेने नोटेवरच्या रेघा पुसल्या नाहीत आणि १५ भाषाही खोडल्या नाहीत. नव्याने जुन्याला हात दिला, जुन्याची जागा हिसकावली नाही.

दुसरे उदाहरण हयातीच्या दाखल्याचे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. अंगठा लावा, घरबसल्या दाखला द्या. सोय उत्तमच. पण शेतात, विणकामात, निर्मलच्या लाकडी खेळण्यांच्या कामात ज्यांची उमर गेली, त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र त्यांचा अंगठा घेत नाही. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तरी कागदाचा दाखला बँकेत अजून चालतो. तो चालतो म्हणूनच दर नोव्हेंबरात कित्येक म्हाताऱ्यांची पेन्शन वाचते. दहा रुपयांचा हिशेब पासबुकात छापून देण्याची काळजी जो देश घेतो, त्याने जिवाच्या हिशेबात हात आखडता घेऊ नये एवढीच आमची अपेक्षा.

घोडे पेंड खाते ते आणखी एका ठिकाणी. आपल्याकडे गोळ्या कापून विकल्या जातात. पंधरापैकी चार हव्यात, दुकानदार कात्री लावतो. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख स्ट्रिपच्या एका कडेला दाबून उमटवलेली असते, क्यूआर कोडही एका जागी असतो. जो तुकडा आपल्या हाती येतो त्यावर बहुधा यांपैकी काहीच नसते. उरते ती चमकणारी पन्नी आणि अर्धे नाव. मग मोबाईल कितीही भारी असला तरी तो कशासमोर धरायचा?

बॅच क्रमांकाचे महत्त्व काय ते ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूतील कंपनीच्या त्या औषधात डायएथिलिन ग्लायकोल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. आपल्या तेलंगणात आणि शेजारच्या महाराष्ट्रातही प्रशासनाने तातडीने सूचना काढली : एसआर-१३ बॅच, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७, ही बाटली वापरू नका. सूचना वर्तमानपत्रांत आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. पण तिचा उपयोग केव्हा? घरातल्या बाटलीवरचे ते चार-पाच आकडे आईला वाचता आले तर. बाटलीचे लेबल भिजून गेले असेल, अक्षर पुसट असेल, किंवा ‘बॅच’ म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर सरकारने सूचना काढूनही ती त्या घरापर्यंत पोचली नाही असेच म्हणावे लागेल.

आणि गरिबाचे काय? ‘एच-२’ अनुसूची ही ब्रँडच्या नावांची यादी आहे. ज्या औषधाला ब्रँडच नाही, जे सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, ते त्या यादीत बसत नाही. निर्मलला २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. तिथे येणाऱ्या गोंड, लंबाडा, मराठी, तेलुगू, उर्दूभाषक गोरगरिबाला माहितीची गरज सर्वांत जास्त, आणि सक्तीच्या कोडपासून तोच सर्वांत लांब. महागडा ब्रँड घेणाऱ्याच्या हाती चांगला मोबाईल, आणि कोडही त्याच्याच औषधावर. असला ताळेबंद कोणत्याही हिशेबनिसाला पटणार नाही.

म्हणून या मंडळाने शासनापुढे चार मागण्या ठेवाव्यात असे आम्हास वाटते. पहिली : मूळ नाव, ताकद, बॅच आणि मुदत ही चार अक्षरे स्ट्रिपच्या प्रत्येक कापल्या जाणाऱ्या भागावर वाचता येतील अशी छापली जावीत आणि मोबाईलच्या नावाखाली ती कधीही काढली जाऊ नयेत. दुसरी : क्यूआर कोडमध्ये औषध कसे घ्यावे, कोणी घेऊ नये आणि कोणते लक्षण दिसल्यास थांबावे ही माहितीही असावी, ती मराठी, तेलुगू, उर्दू यांसह नोटेवरच्या सर्व भाषांत असावी आणि ऐकताही यावी. तिसरी : सरकारी दवाखान्यांतील बिनब्रँडच्या औषधांनाही ही सोय लागू व्हावी. चौथी : कोडवरून उघडणारी माहिती शासनाच्या नोंदीशी जोडलेली असावी, म्हणजे खोटा कोड लगेच उघडा पडेल.

भाषेची मागणी करताना कोणी ‘तुम्ही तेलंगणात राहून मराठी कशी मागता’ असे विचारील. त्याला उत्तर सोपे आहे. कागदावर पंधरा भाषा छापायला जागा नाही हे सबळ कारण होते. मोबाईलमध्ये जागेची अडचण नाही. तिथे मराठी घातल्याने तेलुगूचे एक अक्षरही कमी होत नाही. आपली मागणी कोणाच्या विरोधात नाही. आदिलाबादच्या गोंडी बोलणाऱ्या आजीला तिच्या बोलीत औषध समजले तर आपल्याला आनंदच आहे. आणि निवेदन कोणत्या भाषेत द्यावे याची चिंता नको. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. एक प्रत मराठीत, एक तेलुगूत आणि एक इंग्रजीत, अशी तिन्ही भाषांत ती जावी.

शासन करील तेव्हा करील, आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. ते विचारण्यात संकोच नको. गोळी बदलून दिली तर ‘मूळ नाव तेच आहे का, ताकद तीच आहे का’ असे विचारा. कापून घेताना मुदत लिहिलेली बाजू आपल्याकडे मागा, नाहीतर बिलावरचा बॅच क्रमांक व मुदत पाहून बिल गोळ्यांबरोबरच ठेवा. औषधाने त्रास झाला असे वाटल्यास आधी डॉक्टरांना दाखवा आणि राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. बनावट औषधाचा संशय आल्यास तेलंगणा औषध नियंत्रण प्रशासनाचा १८००-५९९-६९६९ हा क्रमांक आहे.

तरुण मंडळींना एक काम सांगतो. गणेशोत्सवात वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच. यंदा प्रत्येक घरातील ज्येष्ठांच्या औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव, कशासाठी आणि केव्हा, एवढे तीन रकाने एका जाड कागदावर ठळक मराठीत लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवा. डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवूनच लिहा, अंदाजाने एक अक्षरही नको. ज्यांच्या औषधावर क्यूआर कोड आहे त्यांना तो एकदा उघडून दाखवा. तंत्रज्ञान शिकवण्याची याहून चांगली शाळा नाही. मंडळात फार्मसीचे शिक्षण घेतलेली मुले-मुली आहेत, त्यांनी पुढाकार घ्यावा.

आपल्या पूर्वजांनी या भागात वाचनालये काढली, मराठी शाळांसाठी अर्ज-विनंत्या केल्या, घरात पोथी आणि वर्तमानपत्र चालू ठेवले. त्यांचा आग्रह अक्षराचा होता. ते अक्षर आता गोळीच्या पाकिटावर आणि मोबाईलच्या पडद्यावरही हवे. कागद की मोबाईल हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. आपला प्रश्न एवढाच : आमच्या घरातील म्हातारे माणूस जे औषध गिळते, ते काय आहे हे त्याला वाचता किंवा ऐकता येते की नाही? याचे उत्तर ‘होय’ असे मिळेपर्यंत आपण निवेदने देत राहू. मंडळाच्या पुढील सभेत हा विषय पटलावर ठेवण्यात येत आहे. सर्व कुटुंबांतून निदान एकाने, आणि शक्य तर घरातल्या औषधाच्या डब्यासह, उपस्थित राहावे ही आग्रहाची विनंती.